'लाइट'चा मराठी संसार

(गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य इंग्रजी शिकवण्यात घातलं. म्हणून यंदा एकच साधा इंग्रजी शब्द घ्यावा, त्याचे अर्थ आणि त्याचे प्रतिशब्द एवढ्यावरच बोलावं, असं मी संयोजकांना सुचवलं. "कोणता शब्द घेताय?" त्यांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, "लाइट." पलीकडून लगेच आवाज आला, "गेली का तुमच्याकडे?"

माझं अर्धं व्याख्यान तिथेच झालं. 'लाइट गेली' हे दोन शब्द इंग्रजीत शब्दशः सांगितले तर लंडनचा माणूस फार तर एखादा दिवा विझला असं समजेल. पंखा थांबला, पिठाची गिरणी थांबली, मोटार बंद पडली, मोबाइल चार्ज होईना, हे सगळं आपण तेवढ्यात सांगून मोकळे होतो. वीज आपल्या घरांत पहिल्यांदा आली ती दिवा होऊन. मिक्सर, फ्रिज, टीव्ही मागाहून आले, पण नाव तोवर पडून गेलं होतं. हैदराबादेत याच प्रसंगाला 'करंट गया' म्हणतात, विदर्भात बऱ्याच ठिकाणी 'लाइन गेली' म्हणतात. तिन्ही शब्द इंग्रजी, आणि तिन्हींना आपापल्या ठिकाणी लोकांनी दिलेला अर्थ इंग्रजांना सहसा ठाऊक नसलेला. कोशात जो नेमका शब्द आहे, तो 'इलेक्ट्रिसिटी', कुणीच उचलला नाही. लोक शब्द उसना घेतात तेव्हा कोश उघडून घेत नाहीत.

आता लिंग पाहा. 'लाइट गेली' म्हणताना ती स्त्रीलिंगी आहे. पण 'जिन्यातला लाइट लावला का?' म्हणताना तोच शब्द पुल्लिंगी झाला. एकाच घरात, एकाच तोंडी. इंग्रजीत त्याला लिंगच नव्हतं, मग इथे दोन कुठून आली? ती आली त्याच्या मागे उभ्या असलेल्या मराठी शब्दांकडून. पुरवठा म्हणायचा असतो तेव्हा मनात 'वीज' असते, म्हणून ती गेली. वस्तू म्हणायची असते तेव्हा मनात 'दिवा' असतो, म्हणून तो लावला. काही घरांत 'लाइट गेले' असं अनेकवचन ऐकू येतं. माझा तर्क असा की तिथे 'दिवे गेले' हे मनात असतं. म्हणजे प्रतिशब्द आपण ओठांवरून काढून टाकले तरी ते व्याकरणात बसून राहतात आणि तिथून हुकूम सोडतात. परका शब्द आला की मराठी शब्द मेला, असं रडगाणं आपण फार ऐकतो. 'वीज' मेलेली नाही. ती 'लाइट'ला लिंग पुरवते आहे.

गावाकडे हा शब्द आणखी पुढे गेला आहे. पैठण, गंगापूर, कन्नडकडच्या शेतकऱ्याला विचारा, 'या आठवड्यात लाइट कधीची?' तो म्हणेल, 'रात्रीची.' शेतीपंपांना थ्री फेज पुरवठा काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मिळतो. 'रात्रीची लाइट आहे' याचा अर्थ आज झोप नाही, पाणी धरायला जायचं आहे, पायाखाली साप-विंचू बघून चालायचं आहे. या वाक्यात दिव्याचा काही संबंध उरलेला नाही. उलट सगळा अंधार आहे. लाइट म्हणजे इथे पाणी. अंधारात चालायला हातात जे घेतात त्याला मराठीत 'बॅटरी' म्हणतात, हीसुद्धा मजाच. उजेड देणारी वस्तू ती बॅटरी, आणि उजेड न देणारा पुरवठा ती लाइट! 'लाइटीचा खांब', 'लाइटीचं बिल', 'लाइटीवर चालतं', अशी विभक्तीची रूपंही 'लाइट'ने घेतली आहेत. ज्या शब्दाचं सामान्यरूप होतं तो घरचा झाला, अशी माझी साधी कसोटी आहे. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे भाग पडून 'महावितरण' झालं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लोकांच्या तोंडी 'बोर्ड' आणि 'एमएसईबी' अजून आहेत. सरकारी नावं बदलतात तितक्या वेगाने लोकांची जीभ वळत नाही.

हे झालं मराठीतल्या 'लाइट'बद्दल. खुद्द इंग्रजीत हा शब्द एक नाही, दोन आहेत. एक उजेडाचा, दुसरा वजनाने कमी असण्याचा. जुन्या इंग्रजीपासूनच दोघांचं रूप सारखं झालं आणि पुढे ते एका स्पेलिंगखाली राहू लागले. जर्मनांनी त्यांना वेगळं ठेवलं: उजेड तो 'लिख्ट', हलका तो 'लाइख्ट'. उजेडवाल्याचं कूळ पाहिलं तर लॅटिन 'लुक्स', चंद्राला म्हणतात ती 'लुना', ग्रीकमधला 'ल्युकोस' म्हणजे पांढरा, हे सगळे त्याचे भाऊबंद. संस्कृतात त्याच धातूचं रूप आहे 'रुच्', म्हणजे चमकणे. त्यावरून रोचन, आणि त्याच धातूवरून आपली 'रुची'. चमकतं ते आवडतं, आवडतं ते चवीला लागतं, असा प्रवास करत हा शब्द आज पंगतीत येऊन बसला आहे. अमरकोशात मात्र 'रुची' अजून आपल्या मूळ घरी सापडते. अमरसिंहाने तिला द्युती, दीप्ती, प्रभा, छवी यांच्या रांगेत तेजाचं एक नाव म्हणून ठेवलं आहे.

फारसीत हाच धातू 'रोशन' झाला. आपल्या दरवाजांच्या शहरात रोशन गेट आहे. त्याच्याखालून जाताना वर रस्त्याचा लाइट लागलेला असतो, तेव्हा एकाच घराण्यातली दोन माणसं एका कमानीत असतात. आणि फारसीतलाच 'रोज', म्हणजे दिवस, हाही मुळात उजेडच. रोजंदारी, रोजनिशी, रोजमेळ, 'रोजरोजची कटकट' यांत आपण जो शब्द वापरतो तो 'लाइट'चा दूरचा चुलता आहे. सरांनी वर्गात हे सांगितलं असतं तर मुलांना स्पेलिंग पाठ करायला जरा उत्साह आला असता, असं मला वाटतं.

दुसऱ्या 'लाइट'चं कूळ तर आपल्या आणखी जवळचं. संस्कृत 'लघु' हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. लघूचं प्राकृतात 'लहु' झालं, मग अक्षरांनी जागा बदलल्या आणि 'हलु' झालं. त्यातून आपला 'हलका' आणि आपलं 'हळू' आले. हलका आणि लाइट हे एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून आपण कोशात शेजारी लिहितो, ते मुळात एकाच आजोबांची नातवंडं निघाले. कोकण-मावळातला भातवाला लवकर येणाऱ्या वाणाला 'हळवं' म्हणतो आणि उशिरा येणाऱ्याला 'गरवं'. ते लघु आणि गुरूच आहेत, फक्त चिखलात उतरलेले. इंग्रजीत जनावराच्या फुफ्फुसांना खाटीक 'लाइट्स' म्हणतात, कारण तो अवयव वजनाला हलका. फुफ्फुसाचा नेहमीचा शब्द 'लंग', तोही याच कुळातला.

इथे एक सावधगिरी. असं साम्य दाखवलं की श्रोत्यांत कुणीतरी समाधानाने मान डोलावतं, की म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच निघाली. तसं नाही. दोघी बहिणी आहेत. आई कुणी लिहून ठेवलेली नाही, ती अभ्यासकांनी रूपं ताडून उभी केली आहे. बहिणीला आई म्हटल्याने कुणाचाच मान वाढत नाही.

तर हलका आणि लाइट हे एका रक्ताचे. पण नशीब वेगळं. मराठीत 'हलका' सामाजिक जिन्यावरून खाली उतरत गेला. हलक्या कानाचा म्हणजे कुणाचंही ऐकून वाहवणारा. हलकी कामं म्हणजे ज्यांना कमी लेखलं गेलं ती. माणसांना, जातींना 'हलकं' म्हणण्याचा आपला जुना इतिहास आहे आणि तो या शब्दाला चिकटून राहिला आहे. 'हलकट' तर शिवीच झाला. म्हणून जेव्हा जेव्हा 'लाइट'चं मराठी करायची वेळ आली तेव्हा शहाण्या माणसांनी 'हलका' टाळला. आकाशवाणीवर 'लाइट म्युझिक'ला 'सुगम संगीत' म्हटलं गेलं. सुगम म्हणजे सोपं. वजनाचा काही संबंध नाही. कुणी 'हलकं संगीत' म्हटलं असतं तर त्या कार्यक्रमात गायला किती चांगले गायक आले असते, सांगता येत नाही. 'लघु' मात्र संस्कृताचा अंगरखा घालून सुरक्षित राहिला: लघुकथा, लघुनिबंध, लघुउद्योग. त्यातल्या लघुशंकेचा अपवाद सोडून द्या.

आणि हीच गोष्ट या गुलमंडीत, सराफ्यात, पैठण गेटपर्यंतच्या कापडदुकानांत रोज घडते. गिऱ्हाईक म्हणतं, 'जरा हलक्यात दाखवा.' दुकानदाराला अचूक कळतं की यांना स्वस्तातलं पाहिजे, वजनाने कमी नव्हे. मग खरोखर वजनाने कमी असलेला, पण किमतीने कमी नसलेला दागिना दाखवायचा तर म्हणायचं काय? 'हलका हार' म्हटलं की गिऱ्हाइकाचं तोंड पडतं. 'लाइट वेट' म्हटलं की तोच हार चांगला वाटतो. रंगाचंही तसंच. 'फिका' म्हणजे उडालेला, बेचव. चहा फिका म्हणजे बिनसाखरेचा. नवी कोरी साडी फिकी कशी असेल? म्हणून ती 'लाइट कलर'ची, किंवा 'फेंट'. भाषाशुद्धीवाले या दुकानदाराला इंग्रजीचा गुलाम म्हणतील. मला तो फार तयारीचा कोशकार वाटतो. घरच्या शब्दावर जिथे डाग आहे, बरोबर तिथेच त्याने परका शब्द बसवला आहे, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही.

कारण जिथे डाग नाही तिथे तोच माणूस 'हलका' सोडत नाही. ताप उतरल्यावर अंग हलकं वाटतं, लाइट वाटत नाही. रडून घेतलं की मन हलकं होतं. हवामान खात्याचा पाऊसही हलक्या ते मध्यम स्वरूपाचा असतो. जमीन भारी किंवा हलकी असते, आणि हलक्या जमिनीचा मालक त्यात अपमान मानत नाही, फार तर कर्ज काढतो. सुई टोचल्याचं कळूही देत नाही त्या डॉक्टरचा हात हलका. गंमत म्हणजे इंग्रजीत बोटं 'लाइट' असलेला माणूस म्हणजे खिसेकापू. दोन भाषांतले सख्खे प्रतिशब्द, शेजारी हात ठेवला की एक दवाखान्यात जातो, दुसरा तुरुंगात. अलीकडे लिहिताना लोक थट्टेनंतर 'ह. घ्या.' असं टाकतात, म्हणजे हलके घ्या. हे सरळ इंग्रजीवरून बेतलेलं. मराठीत याच कामाला 'मनावर घेऊ नका' होतंच की. पण मनावर घेऊ नका म्हणताना समोरच्याला दुखावलं आहे याची कबुली असते. 'ह. घ्या.'मध्ये ती नसते. लोकांना ती सोय हवी होती, असं दिसतं.

आता उजेडाच्या बाजूचे प्रतिशब्द. शाळेत समानार्थी शब्द लिहा म्हटलं की मुलं लिहितात: प्रकाश, उजेड, तेज. पूर्ण गुण मिळतात. आता हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवून बघा. लेखात एखाद्या विषयावर 'प्रकाश टाकतात'. हा वाक्प्रयोग बहुधा इंग्रजीवरून आलेला आहे आणि आता पक्का रुळला आहे. त्याच लेखकाने विषयावर 'उजेड पाडला' म्हटलं तर त्याची चेष्टा केली असं होतं. 'मोठे दिवे लावलेस' हेही कौतुक नव्हे. आणखी कोणत्या भाषेने उजेडाची एवढी थट्टा केली आहे मला माहीत नाही. मराठी आईने मुलाची गुणपत्रिका हातात घेतली की उजेड आणि दिवे दोन्ही शब्द एकदम कामाला लागतात. पण मुलगा वंशाचा दिवाही असतो, तिथे थट्टा नाही. वंशाची लाइट कुणी म्हणणार नाही.

दिव्याच्या भोवती भीतीही आहे. जुन्या घरांतून दिवा 'विझव' म्हणत नसत. दिवा मालवायचा, शांत करायचा, त्याला निरोप द्यायचा. 'लाइट बंद कर' म्हणताना कुणाच्या मनात अशुभ येत नाही. परक्या शब्दाचा हा मोठा फायदा: त्याच्या मागे आजी उभी नसते. संध्याकाळ 'दिवेलागणी'ची असते, 'लाइटलागणी'ची नाही. ग्रामपंचायतीच्या पावतीवर मात्र घरपट्टी, पाणीपट्टीच्या जोडीला अजून 'दिवाबत्ती कर' छापलेला असतो. या जोडशब्दातली बत्ती म्हणजे संस्कृत 'वर्ति', जिची मराठीत वात झाली आणि हिंदीत बत्ती होऊन परत आपल्याकडे आली. 'बत्ती गुल' मधला 'गुल' तर आपल्या पायाखालचाच. फारसीत गुल म्हणजे फूल, विशेषतः गुलाब. दिव्याच्या वातीचं जळून लाल झालेलं टोक फुलासारखं दिसतं म्हणून तेही गुल, आणि ते चिमटीने काढून टाकणं म्हणजे दिवा गुल करणं. गुलमंडीचा अर्थ फुलांचा बाजार असा सांगितला जातो. तेव्हा गुलमंडीत बत्ती गुल झाली तर तक्रार कुणाकडे करायची हा भाषिकदृष्ट्या कठीण प्रश्न आहे.

प्रतिशब्दांच्या या उद्योगाला आपल्या शहरात मोठी परंपरा आहे, आणि मराठी घरांतून तिची फारशी आठवण काढली जात नाही याचं मला वाईट वाटतं. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ही संस्था १९०३ मध्ये निघाली. १९१२ मध्ये मौलवी अब्दुल हक तिचे सचिव झाले. ते इथे शिक्षणखात्यात होते, म्हणून संस्थेचं कार्यालय इथे, तेव्हाच्या औरंगाबादला, आलं आणि १९३८ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत इथेच राहिलं. 'उर्दू' नावाचं त्रैमासिक १९२१ पासून इथून निघालं. वहीदुद्दीन सलीम यांचं परिभाषा कशी घडवावी यावरचं पुस्तकही अंजुमननेच काढलं. आणि १९३७ मध्ये इथूनच अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात सगळे विषय उर्दूतून शिकवायचे ठरले होते, त्यामुळे इंग्रजीतल्या प्रत्येक शब्दासाठी माणसं इथे डोकं खाजवत बसली होती. याच अब्दुल हकांनी मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. उर्दूचा एवढा मोठा कैवारी मराठीचा कोश मांडीवर घेऊन बसला होता हे चित्र मला आवडतं. अठराव्या शतकात या शहरात जो मोठा गझलकार होऊन गेला त्याचं टोपणनावच 'सिराज', म्हणजे दिवा. अरबीतला हा सिराज आणि फारसीतला चिराग हेही मुळात एकच.

मराठीच्या बाजूला मोल्सवर्थ आणि कँडी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. इंग्रजी-मराठी कोश त्याने सुरू केला आणि कँडीने पुरा करून १८४७ मध्ये काढला. त्याही आधी शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. महाराष्ट्र झाल्यावर शासनाने भाषा संचालनालय स्थापलं आणि १९६२ मध्ये पदनाम कोश आणला. लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवलं. मला ती टिंगल अर्धीच मान्य आहे. संचालक, अभियंता, आयुक्त हे शब्द आज कुणाला टोचतात? पण त्याच वाटेवरचं 'वीज देयक' कागदावरून खाली उतरलं नाही. नागरिक देयक हातात घेतो आणि म्हणतो, 'लाइट बिल आलं.' महापालिकेचे 'पथदिवे' बातमीत असतात, चौकात 'स्ट्रीट लाइट' असतात.

समानार्थी शब्दांचे कोश करणाऱ्यांत सगळ्यात प्रसिद्ध इंग्रज म्हणजे पीटर मार्क रोजे, पेशाने डॉक्टर. त्याचा कोश १८५२ चा. शब्द अक्षरक्रमाने न लावता अर्थाच्या गटांनी लावायचे, ही त्याची कल्पना. अमरसिंहाने हे शेकडो वर्षांपूर्वी केलं होतं, श्लोकांत, पाठ करता येईल असं. कोलब्रुकने १८०८ मध्ये अमरकोश इंग्रजीसह छापला होता. रोजेने आपल्या प्रस्तावनेत त्याची दखल घेतली, पण त्यातलं वर्गीकरण त्याला गोंधळाचं वाटलं. मला दोघांतही एकच गोष्ट खटकते. दोघेही शब्दांना एका रांगेत बसवतात आणि निघून जातात. कोण कुणाशेजारी बसत नाही, कोण कुणाच्या घरी पाणी पीत नाही, हे सांगत नाहीत. दिवा विझवू नये पण लाइट बंद करावा, हार हलका नसावा पण लाइट असावा, ही माहिती रांगेत मावत नाही. ती दुकानात, स्वयंपाकघरात, बांधावर सापडते, आणि गोळा करायची तर तिथेच जाऊन बसावं लागतं.

वेळ झाली आहे आणि अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. सराफ्यातली, कापडलाइनीतली बरीच मंडळी समोर दिसताहेत. 'कापडलाइन' हाही शब्द पुढच्या वर्षी कुणीतरी घ्यावा. 'हलक्यात' आणि 'लाइट वेट' यांबद्दल मी जे बोललो ते गिऱ्हाईक म्हणून काउंटरच्या अलीकडून ऐकलेलं आहे. पलीकडून काही वेगळं ऐकू येत असेल तर आता उठून सांगा. माइक तिकडे पाठवतो आहे.